चर्चासत्राचा मेकअप

चर्चासत्रासाठी केलेला मेकअप लग्नातल्या मेकअपपेक्षा अवघड असतो. लग्नात तो दिसावा अशीच सगळ्यांची अपेक्षा असते. करवलीने गालावर चमकी लावली म्हणून कोणी तिच्या विद्वत्तेबद्दल शंका घेत नाही. चर्चासत्रात मात्र चेहरा टवटवीत दिसला पाहिजे आणि त्यासाठी काही केले आहे याचा पत्ता लागता कामा नये. काहीच केले नाही तर ‘मॅडम, बरं नाही का?’ अशी चौकशी होते. जरा जास्त झाले तर शोधनिबंध सोडून बाकी सगळ्याची चर्चा होते. या दोहोंमधली वाट बाईमाणसासाठी फार अरुंद आहे. पुरुषांसाठी ती हमरस्ता आहे. दाढी केलेली असली आणि शर्टावर सांबार सांडलेले नसले, की पुरुष वक्त्याला ‘प्रसन्न व्यक्तिमत्त्व’ हे विशेषण सूत्रसंचालकाकडून आपोआप मिळते.

सौंदर्यप्रसाधनांवरची पुस्तके त्वचेच्या प्रकारांपासून सुरुवात करतात: तेलकट, कोरडी, मिश्र. चर्चासत्रापुरती ही सुरुवात चुकीची आहे. आधी हातात घ्यायची ती कार्यक्रमपत्रिका. नऊला नोंदणी व अल्पोपाहार, दहाला दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, सत्कार, बीजभाषण, भोजन, शोधनिबंध वाचन, समारोप, प्रमाणपत्रे, असा जो मजकूर तिच्यावर सोनेरी अक्षरांत छापलेला असतो, ते चेहऱ्यावर कोसळणाऱ्या आपत्तींचे वेळापत्रक असते. त्यात पाहुण्यांच्या गाडीला होणारा उशीर मिळवला की मेकअपला किती तास तग धरायचा आहे याचा अंदाज येतो. सकाळी सातला लावलेले फाउंडेशन संध्याकाळी पाचला प्रमाणपत्र घेताना निदान त्याच चेहऱ्यावर असले पाहिजे.

त्यानंतर पाहायचा तो महिना. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत चर्चासत्रांचे पीक जानेवारी ते मार्च या काळात येते, कारण आलेले अनुदान ३१ मार्चच्या आत खर्ची पडावे लागते. ज्ञानाची तहान आणि आर्थिक वर्षाची अखेर यांचा हा जुना ऋणानुबंध आहे. जानेवारीत विदर्भातली हवा इतकी कोरडी असते की मॉइश्चरायझर न लावता चोपडलेली पावडर दुपारपर्यंत गालावर नकाशा काढते. मुंबईत आणि कोकणात थंडी नावापुरतीच. तिथे तेच मॉइश्चरायझर दहाच्या ठोक्याला घामाबरोबर खाली उतरू लागते, म्हणून तिथे हलके, जेलसारखे असलेले बरे. डॉक्टरांच्या किंवा सनदी लेखापालांच्या परिषदा मोठ्या हॉटेलांत होतात. तिथे एसी असा सोडलेला असतो की घामाचा प्रश्नच उद्भवत नाही. ओठ फुटतात आणि सत्कारात मिळालेली शाल पहिल्यांदाच उपयोगी पडते.

आदल्या रात्री नवे काहीही करू नये. नवी क्रीम, नवा फेसपॅक, नणंदेने दुबईहून आणलेले सीरम हे सगळे पुढच्या रविवारसाठी ठेवावे. त्वचेला एखादी वस्तू मानवली नाही तर ती पुरळ उठवून तसे कळवते, आणि कळवायला तिला एक रात्र पुरते. फेशियल आठवडाभर आधी, थ्रेडिंग दोन दिवस आधी, म्हणजे भुवयांच्या खालची लाली उतरायला वेळ मिळतो.

पुरुषांचा मेकअप होतो तो याच रात्री. त्याला मेकअप म्हणत नाहीत इतकेच. बीजभाषणाला बोलावलेले सर कलप लावतात. बहुतेक काळ्या कलपांत पॅराफेनिलिनडायमिन, म्हणजे पीपीडी, हे रसायन असते. काहींना त्याची ॲलर्जी असते, म्हणून ४८ तास आधी थोडा कलप त्वचेवर लावून पाहावा अशी सूचना डबीवर असते. ती इतक्या बारीक टायपात असते की वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा घालून कलप लावता येत नाही. कलप केसांना धरतो त्याहून घट्ट कानाच्या पाळीला, कपाळाच्या कडेला आणि अतिथिगृहाच्या उशीच्या अभ्र्याला धरतो. लावण्यापूर्वी केसांच्या कडेने व्हॅसलीनचे बोट फिरवले तर निदान कान वाचतो. मिशी विसरू नये. डोके १९८५ सालचे आणि मिशी चालू वर्षाची, असे सर व्यासपीठावर बसले की श्रोत्यांचे बीजभाषणाकडे लक्ष लागत नाही.

प्रत्यक्ष दिवशी सकाळी सुरुवात सनस्क्रीनपासून. एसपीएफ ३० चे सनस्क्रीन नीट लावले तर उन्हातल्या यूव्हीबी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवते. ‘नीट’ म्हणजे चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतके. बहुतेक जणी वाटाण्याएवढे घेतात आणि उरलेला बचाव छत्रीवर सोपवतात. सनस्क्रीन मुरायला दहा मिनिटे द्यावीत. तेवढ्यात साडीच्या निऱ्या होतात. साडीआधी मेकअप की मेकअपआधी साडी हा वाद जुना आहे. साडी आधी नेसली तर पावडर पदरावर सांडते. मेकअप आधी केला तर ब्लाउज डोक्यातून घालताना अर्धा चेहरा त्याला लागतो. हुकाचा ब्लाउज असेल तर हा वाद तिथेच मिटतो.

फाउंडेशनची शेड निवडण्यात सर्वाधिक घात होतो. दुकानातली मुलगी ते हाताच्या पाठीवर लावून दाखवते, पण शोधनिबंध काही हाताच्या पाठीने वाचायचा नसतो. शेड जबड्याच्या कडेला लावावी, दुकानाबाहेर उजेडात येऊन पाहावी आणि थोडा वेळ थांबावे, कारण त्वचेच्या तेलात आणि हवेत मिसळून काही फाउंडेशन अर्ध्या-पाऊण तासात एका छटेने काळवंडतात. एवढे सांगूनही घेतली जाते ती दोन छटा उजळ शेडच. मग चेहरा एका गावचा आणि मान दुसऱ्या गावची अशी अवस्था होते, आणि पहिल्या रांगेतल्या प्राध्यापकांना दोन्ही गावांची शीव स्पष्ट दिसते.

या गोरेपणाच्या हौसेचा इतिहास आहे. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ साली अफगाण स्नो बाजारात आणली आणि पुढच्या पिढ्यांनी ‘स्नो-पावडर’ हा सामासिक शब्द घरोघर रुजवला. १९५२ साली टाटांनी लॅक्मे सुरू केली. १९७५ साली फेअर अँड लव्हली आली आणि पंचेचाळीस वर्षे गोरेपणाचे आश्वासन देऊन २०२० साली ‘फेअर’ सोडून ‘ग्लो’ झाली. नाव बदलले, दुकानात ‘थोडी उजळ दाखवा’ म्हणणारे गिऱ्हाईक बदललेले नाही.

दर चर्चासत्रात एक तरी बाई अशी असते की जी ‘मी तोंडाला काहीही लावत नाही, फक्त विको’ असे अभिमानाने सांगते. कायद्याच्या दृष्टीने ती शंभर टक्के बरोबर असते. विको टर्मरिक हे प्रसाधन आहे की आयुर्वेदिक औषध, हा वाद उत्पादनशुल्क खात्याने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता आणि तिथे ते औषध ठरले. प्रसाधनांवर कर जास्त असल्यामुळे दोन्ही पक्षांना या प्रश्नात इतका तात्त्विक रस होता. तेव्हा चर्चासत्राला विको लावून येणारी व्यक्ती मेकअप करून आलेली नसून उपचार घेऊन आलेली असते.

घरच्या आरशात जमलेले सगळे सभागृहात बिघडते, कारण तिथला उजेड निराळा. जुन्या महाविद्यालयांच्या सभागृहांत अजून ट्यूबलाइट आहेत. त्यांच्या प्रकाशात लाल रंगाचा अंश कमी आणि हिरव्याचा जास्त, त्यामुळे गालावरची लाली नाहीशी होते आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळे नव्याने प्रकाशित होतात. त्यात व्हिडिओ शूटिंगवाला मधूनच हॅलोजन दिवा तोंडावर मारतो. तो पिवळा असतो, तापतो, आणि ज्याचे भाषण सगळ्यात कंटाळवाणे त्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ थांबतो. उजेडाने चेहरा फसणे ही तक्रार नवी नाही. हॉलिवूडमध्ये रंगीत चित्रपट आले तेव्हा जुना तेलकट ग्रीजपेंट पडद्यावर चकाकू लागला, आणि त्यावर उपाय म्हणून मॅक्स फॅक्टर कंपनीने १९३० च्या दशकात पॅनकेक काढला. तोच पुढे मराठी रंगपटांतही स्थिरावला. सभागृहासाठी पॅनकेकपर्यंत जाण्याची गरज नाही. कपाळ, नाक आणि हनुवटी या तेल सुटणाऱ्या जागी कॉम्पॅक्टचा हलका हात फिरवला आणि ब्लश आरशात वाटतो त्याहून किंचित जास्त ठेवला की ट्यूबलाइटशी बरोबरी होते.

डोळ्यांच्या बाबतीत चाळिशीनंतर एक तार्किक पेच निर्माण होतो. चाळिशी काढल्याशिवाय लायनर लावता येत नाही आणि चाळिशी लावल्याशिवाय लायनर दिसत नाही. यातून मार्ग म्हणजे मोठे दाखवणारा आरसा. तो नसेल तर लेक, आणि लेक उठलेली नसेल तर नुसते काजळ. काजळ खालच्या पापणीच्या आतल्या कडेला भरले तर तेल आणि पाणी मिळून ते बीजभाषण संपेपर्यंत गालाकडे प्रयाण करते. त्याआधी डोळ्याखाली पावडरीचा पातळ थर दिला तर ते वाटेत अडते. चष्मेवाल्या बायकांनी नाकावर, चष्म्याच्या गाद्या टेकतात तिथे, फाउंडेशन जवळजवळ लावूच नये. नाहीतर चष्मा काढल्यावर तिथे दोन अंडाकृती खड्डे दिसतात आणि चष्मा सारखा घसरतो तो वेगळाच.

टिकली हा मेकअपचा भाग नसून विषयाचा भाग आहे. रुपयाएवढी लाल टिकली, हातमागाची साडी आणि ऑक्सिडाइज्ड झुमके दिसले की समाजशास्त्र किंवा मराठी. बारीक काळी टिकली म्हणजे रसायनशास्त्र. टिकली नाही आणि ब्लेझर आहे म्हणजे व्यवस्थापन. नोंदणीच्या टेबलावरचे विद्यार्थी नाव न विचारता बरोबर ओळखपत्र काढून देतात ते यामुळेच.

लिपस्टिकसाठी सरळ मार्ग असा: ओठांना आधी बाम, तो पुसून लिपस्टिकचा एक हात, टिश्यू पेपर ओठांत धरून जादा रंग टिपणे, मग दुसरा हात. हेझेल बिशप या अमेरिकन रसायनतज्ज्ञ बाईंनी १९५० साली न पुसणारी लिपस्टिक बाजारात आणली, तेव्हा त्यांच्यासमोर मिसळ नव्हती. आजच्या टिकाऊ मॅट लिपस्टिकमधला द्रावक उडून जातो आणि ओठांवर रंगाचा पापुद्रा उरतो. पाण्याला तो दाद देत नाही, तेलापुढे मात्र विरघळतो. अल्पोपाहाराला इडली असेल तर लिपस्टिक टिकते, उपीट असेल तर कडेने उरते, बटाटेवडा असेल तर आशा सोडावी. चहा कागदी कपातून प्यावा लागतो आणि कप इतका लहान असतो की त्याच्यावर ओठांचा ठसा कपापेक्षा मोठा दिसतो. रंग ओठांच्या रंगाच्या जवळचा निवडला तर गेलेला कळत नाही. गडद मरून लावून आलेली बाई दुपारच्या सत्रात ओठांची नुसती चौकट घेऊन बोलत असते.

एवढी तयारी घेऊन माणूस सभागृहाच्या दारात पोचते आणि तिथे स्वागत समिती उभी असते. काठापदराच्या साड्या नेसलेल्या दोन विद्यार्थिनींपैकी एकीच्या हातात तबक, दुसरीच्या हातात गुलाबदाणी. पहिली कुंकू बोटावर घेऊन कपाळावर टेकवते. टिकली आधीच असते, म्हणून ते टिकलीच्या वर लागते. मुलगी उंचीने कमी असेल तर टिकलीवरच. कुंकवाचे कोरडे कण नाकावर सांडतात आणि कॉम्पॅक्टवर पडलेले कुंकू झटकायला गेले तर गुलाबी पट्टा उमटतो. एवढ्यात दुसरी गुलाबपाणी शिंपडते. तिचा नेम कपाळाचा असतो, पाणी पडते पापण्यांवर. मस्कारा वॉटरप्रूफ का असावा, याचे उत्तर पाऊस किंवा अश्रू नसून गुलाबदाणी हे आहे. इथे उपाय एकच: हसतमुखाने थांबावे, आत जाऊन कोरड्या टिश्यूने टिपावे. पुसू नये. टिपल्याने पाणी जाते, पुसल्याने चेहरा.

उद्घाटनात समईपाशी फार पुढे वाकू नये. पाचव्या पाहुण्यापर्यंत मेणबत्ती हातोहात फिरते, पंखा चालू असतो आणि काजळी कुठेही जाते. शाल घालणारे संस्थाचालक ती दोन्ही बाजूंनी ओढून नीट करतात तेव्हा तिची कड जबड्याला घासते, आणि आपण किती फाउंडेशन लावले होते याचा लेखी पुरावा शालीवर राहतो. मान थोडी मागे घेतली तर हे टळते. छायाचित्रात मात्र सत्कार नको असल्यासारखे दिसते.

व्यासपीठावरच्या पोडियमला वाचण्यासाठी एक छोटा दिवा असतो. तो खालून वर उजेड टाकतो. हनुवटी, नाकपुड्या आणि भुवया उजळतात, डोळ्यांच्या खोबणीत अंधार राहतो आणि ‘ग्रामीण महिलांचे सक्षमीकरण’ हा विषय रामसे बंधूंच्या चित्रपटासारखा सुरू होतो. दिवा बंद करून कागद मोठ्या टायपात छापून आणणे हा यावरचा खरा मेकअप. बाजूला सरकावे तर प्रोजेक्टरची शलाका आडवी येते. निळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरे असलेली स्लाइड वक्त्याच्या गालावर पडते, आणि कोणताही कन्सीलर गालावरचा स्तंभालेख झाकू शकत नाही. माइकचा स्पंज ओठांना लागू देऊ नये. त्यावर आधीच्या दोन वक्त्यांचे रंग असतात.

ऑनलाइन भाग घेणाऱ्यांचे सोपे असते. झूममध्ये चेहरा गुळगुळीत करून दाखवणारी सोयच आहे. खिडकीकडे तोंड करून बसले की उरलेले काम सूर्य करतो. त्यांचा मेकअप बिघडतो तो फक्त कॅमेरा चालू असल्याचे विसरल्यामुळे.

भोजनानंतर बायकांच्या प्रसाधनगृहात जी गर्दी होते ती चर्चासत्राचे सगळ्यात मोकळे सत्र असते. आरसा एक, तोही वरचा कोपरा उडालेला. त्यात सहा चेहरे मावतात. इथे कॉम्पॅक्टचा नवा थर देण्याची घाई करू नये. तेलावर पावडर बसली की तिचे गोळे होतात. आधी टिश्यू नाकावर, कपाळावर दाबून तेल टिपून घ्यावे, मग पावडर. टिश्यू संपले असतील तर चर्चासत्राच्या किटमधले कोरे पॅड कामी येते. त्याचा याहून दुसरा उपयोग कोणी केल्याचे ऐकिवात नाही. कुणाकडे सेफ्टी पिन असते, कुणाकडे लिपस्टिक. सेफ्टी पिन मागावी. लिपस्टिक मागू नये, दिली तरी घेऊ नये. त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो.

समूह छायाचित्र दुपारी दोनच्या सुमारास, इमारतीच्या पायऱ्यांवर, फ्लेक्स दिसेल अशा बेताने काढतात. ऊन डोक्यावरून येते आणि प्रत्येकाच्या डोळ्यांखाली सावली पडते. सावली घालवायला फोटोग्राफर फ्लॅश मारतो. सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असेल, अथवा पावडरीत सिलिका असेल, तर तो फ्लॅश उलटा फिरतो आणि चेहरा पिठात बुडवून काढल्यासारखा पांढरा येतो. प्राचार्यांच्या केबिनमध्ये चौकटीत लागणारे छायाचित्र हेच असल्याने सकाळी घरून निघण्यापूर्वी मोबाइलचा फ्लॅश लावून स्वतःचा एक फोटो काढून पाहावा. पांढरे दिसले तर ती पावडर त्या दिवशी घरी ठेवावी. पुरुष मागच्या रांगेत उभे राहतात, त्यामुळे त्यांचा फक्त कलप येतो.

उतरवण्याचे काम पत्रिकेत छापलेले नसले तरी ते त्याच रात्री करावे, परतीच्या गाडीत झोप कितीही अनावर झालेली असो. वॉटरप्रूफ काजळ-मस्कारा साबणाला जुमानत नाहीत, तेलाने निघतात. कापसाच्या बोळ्यावर खोबरेल घेऊन तो मिटलेल्या डोळ्यावर थोडा वेळ नुसता धरावा, मग हलकेच खाली ओढावा, आणि शेवटी नेहमीच्या फेसवॉशने तोंड धुवावे. चेहऱ्यानंतर शाल. तिच्या काठाला लागलेले फाउंडेशन कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या लिक्विडचा थेंब टाकून जाते, पण वाळून बसण्याआधी. हा डाग राहू देऊ नये, कारण ती शाल पुढच्या महिन्यात आणखी कोणाच्या तरी खांद्यावर जायची असते आणि त्या व्यक्तीची शेड वेगळी असू शकते.